‘कान वाजतात का?’ : निरोगी माणसांमध्ये टिनिटस किती, आणि हा आकडा येतो कुठून



गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. भाईंदर पूर्वेला आमच्या बिल्डिंगची लाइट रात्री दोनच्या सुमारास गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, शेजारच्यांचा एसी थांबला. आणि मला डाव्या-उजव्या दोन्ही कानांत एक बारीक, सलग ‘ईऽऽऽ’ ऐकू यायला लागलं. आधी वाटलं, इन्व्हर्टरचा आवाज असेल. पण आमच्याकडे इन्व्हर्टरच नाही! उशीत कान दाबला तर आवाज आणखी स्पष्ट झाला. म्हणजे तो बाहेरून येत नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात कान-नाक-घसा डॉक्टरांकडे गेले. ऑडिओग्राम काढला. पूर्ण नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, “बऱ्याच जणांना असतं हे, काळजी करू नका.” मी संशोधन करणारी मुलगी, त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच आलं : बऱ्याच म्हणजे किती?

त्या रात्री शोधायला बसले आणि वेगवेगळ्या पेपरांत वेगवेगळे आकडे मिळाले. ५ टक्के. १४ टक्के. २५ टक्के. ४२ टक्के. आणि एका जुन्या पेपरात चक्क ९४ टक्के! झोप येत नसताना माणूस काय करतो? सोयीचा आकडा उचलतो. घाबरले की मला ५ टक्के दिसायचे (“म्हणजे माझ्यात नक्कीच काहीतरी बिघडलंय”), आणि धीर हवा असला की ९४ टक्के (“अरे, हे तर सगळ्यांनाच असतं”). माझा कान तोच, आवाज तोच, फक्त मी धरलेला आकडा वेगळा.

हे आकडे चुकीचे आहेत का? नाही. त्यातला प्रत्येक आकडा प्रामाणिकपणे मोजलेला आहे. फक्त प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली आहे. पेट किंवा नेट देऊन संशोधनात येऊ पाहणाऱ्या तुमच्यासारख्यांना आजच्या लेखात मला एवढंच सांगायचं आहे : ‘किती जणांना?’ या प्रश्नाला उत्तर देण्याआधी ‘कुणाला विचारलं, काय विचारलं आणि कुठे बसवून विचारलं?’ हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

आधी टिनिटस म्हणजे काय ते बघू

बाहेर आवाजाचा स्रोत नसताना कानात किंवा डोक्यात आवाज जाणवणं म्हणजे टिनिटस. शिट्टी, गुणगुण, रातकिड्यासारखी किरकिर, समुद्राची गाज, असं काहीही असू शकतं. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, कर्णनाद. सुश्रुतसंहितेतल्या २८ कर्णरोगांच्या यादीत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड हे दोन्ही येतात. म्हणजे तक्रार हेडफोनच्या जमान्यातली नाही, पुरातन आहे.

आवाज येतो कुठून? आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो, कॉक्लिया. त्यातल्या केसपेशी ध्वनीची कंपनं पकडतात आणि श्रवणचेतेमार्फत मेंदूकडे संदेश पाठवतात. हे संदेश कमी झाले की मेंदू आपला ‘व्हॉल्यूम’ वाढवतो, आणि मग चेतापेशींची नेहमीची पार्श्वभूमीवरची हालचालही आवाज म्हणून जाणवायला लागते, असा एक बऱ्यापैकी मान्य विचार आहे. २०१२ साली रोलंड शेटे आणि सहकाऱ्यांनी एक सोपा प्रयोग केला. नॉर्मल ऐकू येणाऱ्या १८ जणांना एका कानात सात दिवस इअरप्लग घालायला सांगितलं. १८ पैकी १४ जणांना नसलेले आवाज ऐकू यायला लागले. प्लग काढल्यावर ते गेले. म्हणजे निरोगी माणसातही ही यंत्रणा तयारच असते, तिला फक्त निमित्त लागतं.

पहिला प्रश्न : कुठे बसवून विचारलं?

९४ टक्क्यांचा आकडा १९५३ सालचा. हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकन संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० प्रौढांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत साधारण पाच मिनिटं बसवलं आणि जे काही ऐकू येईल ते नोंदवायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज नोंदवला. ज्यांना ही तक्रार कधी नव्हती, अशांनी!

त्यानंतर असे प्रयोग पुन्हा झाले. २००५ मध्ये टकर आणि सहकाऱ्यांनी नॉर्मल श्रवण असलेल्या १२० तरुणांना २० मिनिटांपर्यंत शांत खोलीत ठेवलं, तेव्हा ६४ टक्क्यांना आवाज आला. २००८ मध्ये ब्राझीलमधल्या क्नोबेल आणि सांचेझ यांनी त्यात एक सुंदर बदल केला. ६६ जण, तीच ध्वनिरोधक खोली, पण कामं वेगवेगळी. कानांकडे लक्ष द्या म्हटल्यावर सुमारे ६८ टक्क्यांना आवाज आला. डोळ्यांनी एका गोष्टीकडे लक्ष द्या म्हटल्यावर सुमारे ४५ टक्क्यांना. आणि हनोई टॉवरचं कोडं सोडवायला दिलं तेव्हा सुमारे २० टक्क्यांना.

बघा, माणसं तीच, खोली तीच. फक्त लक्ष कुठे आहे ते बदललं आणि आकडा ६८ वरून २० वर आला.

मग ९४ टक्के लोकांना ‘टिनिटस’ आहे असं म्हणायचं का? नाही. त्या प्रयोगाने सिद्ध केलं ते एवढंच, की पुरेशी शांतता आणि पुरेसं लक्ष मिळालं तर बहुतेक निरोगी माणसांना काहीतरी ऐकू येतं. हेलर-बर्गमनच्या खोलीत पार्श्वभूमीचा आवाज १५ ते १८ डेसिबल होता. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादाच ४५ डेसिबल आहे, आणि रेल्वे लाइनजवळ किंवा घोडबंदर रोडला राहणाऱ्याला ती मर्यादा पाळली जाते का हे वेगळं सांगायला नको. आपण रोज झोपतो ती शांतता प्रयोगशाळेतली शांतता नव्हे. माझी लाइट गेली त्या रात्री मला ती थोडीशी मिळाली, इतकंच.

दुसरा प्रश्न : नेमकं काय विचारलं?

आता प्रयोगशाळेतून बाहेर पडून सर्वेक्षणांकडे येऊ. २०१६ मध्ये मॅककॉर्मॅक आणि सहकाऱ्यांनी १६ देशांतले ३९ अभ्यास एकत्र तपासले. प्रिव्हलन्स (म्हणजे ठरावीक काळात लोकसंख्येतल्या किती जणांना ती गोष्ट आहे ते प्रमाण) ५.१ टक्क्यांपासून ४२.७ टक्क्यांपर्यंत निघालं. आठपट फरक! देश वेगळे, वयं वेगळी हे खरंच. पण त्या ३९ अभ्यासांत टिनिटसच्या व्याख्याच आठ वेगवेगळ्या प्रकारच्या होत्या. सर्वांत जास्त वापरलेली व्याख्या होती ‘एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकणारा आवाज’. ही पाच मिनिटांची अट महत्त्वाची आहे, कारण अचानक एका कानात शिट्टी वाजून काही सेकंदांत विरून जाणं हे जवळपास सगळ्यांनाच कधी ना कधी होतं.

एकाच अभ्यासात व्याख्या बदलली तर काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या नॅशनल हेल्थ अँड न्यूट्रिशन सर्व्हेचं आहे. १९९९ ते २००४ या काळातल्या १४,१७८ प्रौढांचा डेटा शारगोरोडस्की आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडला. ‘गेल्या वर्षभरात कधीतरी’ असं धरलं तर २५.३ टक्के. ‘दिवसातून किमान एकदा’ असं धरलं तर ७.९ टक्के. डेटा तोच, माणसं तीच, आणि एक आकडा दुसऱ्याच्या तिप्पट.

एक मोठा आढावा जराक आणि सहकाऱ्यांचा, ‘जामा न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात २०२२ साली आलेला. त्यांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा : प्रौढांमध्ये कोणत्याही स्वरूपाचा टिनिटस १४.४ टक्के (९५ टक्के विश्वासांतर १२.६ ते १६.५). तीव्र, म्हणजे खरोखर त्रास देणारा, २.३ टक्के. पुरुष आणि स्त्रियांत फार फरक नाही. वयानुसार मात्र चढत जातो : १८ ते ४४ वयात ९.७ टक्के, ४५ ते ६४ वयात १३.७, आणि ६५ च्या पुढे २३.६.

तर ‘बऱ्याच जणांना’ याचं सगळ्यात जबाबदार उत्तर साधारण हे : प्रौढांमध्ये सातात एकाला, माझ्या वयोगटात दहात एकाला, आणि आयुष्य अवघड करणारा टिनिटस मात्र पन्नासात एकाला किंवा थोडा जास्त.

तिसरा प्रश्न : ‘निरोगी’ कोण?

इथे विद्यार्थी सगळ्यात जास्त फसतात. मीही फसले.

वर दिलेला १४.४ टक्के आकडा सर्वसाधारण प्रौढांचा आहे, त्यात कमी ऐकू येणारेही आहेत. ‘निरोगी प्रौढ’ म्हणायचं असेल तर कुणाला वगळायचं ते ठरवावं लागतं. फक्त कानाचे आजार वगळायचे? की मधुमेह, रक्तदाबही? गोंगाटात काम करणारे ठेवायचे की नाही? जितकं वगळाल तितका आकडा बदलेल. त्यामुळे वगळण्याचे निकष लिहिल्याशिवाय ‘निरोगी’ हा शब्द पेपरात वापरू नका.

शिवाय निरोगी माणसं अभ्यासात स्वतःहून जास्त येतात. ब्रिटनमधल्या यूके बायोबँकने ४० ते ६९ वयाच्या ९० लाखांहून अधिक लोकांना आमंत्रण पाठवलं, आले साधारण ५ लाख, म्हणजे साडेपाच टक्के. हे आलेले लोक सरासरी ब्रिटिश माणसापेक्षा कमी धूम्रपान करणारे, कमी लठ्ठ आणि कमी आजारी निघाले. याला हेल्दी व्हॉलंटियर इफेक्ट म्हणतात. टिनिटसच्या बाबतीत तर दोन्ही बाजूंनी ओढाताण होते : तब्येतीची काळजी घेणारे येतात आणि कानात आवाज येतो म्हणून उत्सुकतेने येणारेही येतात.

आणि ऑडिओग्राम नॉर्मल म्हणजे कान निरोगी, हेही पूर्ण खरं नाही. नेहमीच्या ऑडिओग्राममध्ये २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर तपासतात. तरुण माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. वरचा भाग तपासलाच जात नाही. २०११ मध्ये शेटे आणि मॅकअल्पाइन यांनी नॉर्मल ऑडिओग्राम असलेल्या, पण टिनिटस असलेल्या स्त्रियांची तुलना टिनिटस नसलेल्या स्त्रियांशी केली. टिनिटस असलेल्या गटात श्रवणचेतेकडून येणारा पहिला विद्युतसंकेत कमी उंचीचा निघाला. म्हणजे साध्या चाचणीत न दिसणारी हानी असू शकते. तेव्हा ‘नॉर्मल’ हा शब्द वाचला की पुढे विचारायचं : कोणत्या चाचणीत?

आता हाच अभ्यास मीरा-भाईंदरमध्ये करायचा ठरवू

समजा तुम्हाला एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी आपल्या शहरातल्या निरोगी प्रौढांमध्ये टिनिटस किती हे मोजायचं आहे. माणसं कुठून आणाल?

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकलात तर ज्यांना आवाज येतो तेच आवर्जून भरतील, आकडा फुगेल. कान-नाक-घसा ओपीडीत बसलात तर आणखी फुगेल, ते तर तक्रार घेऊनच आलेले. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत गेलात तर पत्र्यावर दिवसभर ठोकठोक ऐकणारे कामगार मिळतील. पण ज्यांना सहन झालं नाही ते काम सोडून गेलेले असतील, तुम्हाला उरलेलेच दिसतील. उत्तनला गेलात तर बोटीच्या डिझेल इंजिनाशेजारी वर्षं काढलेले मच्छीमार भेटतील. सकाळी आठला स्टेशनवर उभे राहिलात तर सगळे कामावर जाणारे. घरी असलेल्या बायका आणि म्हातारी माणसं गायब. यातला कुठलाही एक गट ‘मीरा-भाईंदर’ नाही. सगळ्या वॉर्डांच्या यादीतून यादृच्छिक पद्धतीने घरं निवडणं हे कंटाळवाणं आणि पायपिटीचं काम आहे, पण शहराबद्दल बोलायचं असेल तर तेच करावं लागतं.

किती माणसं लागतील? अपेक्षित प्रमाण १४ टक्के धरा, आणि उत्तरात ३ टक्के इकडे-तिकडे चालेल असं माना. सूत्र : १.९६ चा वर्ग, गुणिले ०.१४, गुणिले ०.८६, भागिले ०.०३ चा वर्ग. उत्तर येतं ५१४. घरं इमारतींच्या समूहाने निवडलीत तर एका इमारतीतली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून डिझाइन इफेक्ट २ धरून दुप्पट करा : १,०२८. दार न उघडणारे वेगळेच.

पण तुमचा प्रश्न ‘तीव्र टिनिटस किती’ असा असेल तर? अपेक्षित प्रमाण २ टक्के आणि चूक ३ टक्के धरली तर उत्तर उणे एक ते पाच टक्के येईल, त्याला काही अर्थ नाही. चूक १ टक्का धरावी लागेल, आणि संख्या होते ७५३, समूह धरल्यास दुप्पट. म्हणजे व्याख्या बदलली की नमुनाही बदलतो. हे आधी ठरवायचं असतं, डेटा हातात आल्यावर नाही.

आणि मराठीत विचारायचं कसं?

यावर पेपरात एक ओळ असते : ‘प्रश्नावलीचा स्थानिक भाषेत अनुवाद केला.’ खरी गंमत त्या ओळीतच आहे.

मी घरीच करून बघितलं. आईला विचारलं, “कान वाजतात का गं तुझे?” ती म्हणाली, “मी काय चुकीचं ऐकलं?” बरोबरच आहे. मराठीत कान वाजणं म्हणजे न बोललेलं ऐकू आल्याचा भास होणं. मग बाबांना विचारलं, “तुम्हाला आवाज ऐकू येतात का?” ते दचकले. त्यांना वाटलं मी मानसिक आजाराबद्दल विचारतेय. शेजारच्या काकूंना विचारलं, “कानात आवाज येतो का?” त्या म्हणाल्या, “येतो ना, रस्त्याचं काम सुरू आहे ना समोर!”

तीन प्रश्न, तीन गैरसमज. शेवटी जे वाक्य चाललं ते असं : “आजूबाजूला शांत असताना, बाहेर कसलाही आवाज नसताना, कानात किंवा डोक्यात शिट्टीसारखा किंवा गुणगुणल्यासारखा आवाज पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ येतो का?” लांब आहे, पण कळतं. हे ऐकल्यावर आई म्हणाली, “हां, तो? तो तर कित्येक वर्षं आहे.” आधीच्या प्रश्नावर तिची नोंद ‘नाही’ अशी झाली असती.

म्हणून प्रश्नावलीचा अनुवाद झाला की दुसऱ्या माणसाकडून तो उलटा मूळ भाषेत करून घ्या, आणि १०-१५ जणांना विचारून ‘तुम्हाला यातून काय कळलं?’ हेही विचारा. एका आठवड्याचं काम आहे. न केल्यास पूर्ण अभ्यास वाया जाऊ शकतो.

हे सगळं माझ्या अंगावर कधी आलं

माझं स्वतःचं काम कानांवर नाही, माशांमधल्या परजीवींवर आहे. सिनॉप्सिसच्या वेळी मी पहिल्याच परिच्छेदात ‘या माशांमध्ये परजीवींचं प्रमाण इतके टक्के’ असं लिहिलं होतं. एका आढाव्यातून उचललेलं, त्या आढाव्याने दुसऱ्या आढाव्यातून उचललेलं. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, “फक्त कल्ले तपासून की आतडीसुद्धा? आणि मासे बाजारातले की जाळ्यातले?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मूळ पेपर मी उघडलाच नव्हता. सिनॉप्सिस तीन महिने पुढे गेला.

तेव्हापासून प्रिव्हलन्सचा कुठलाही आकडा लिहिण्याआधी मी वहीत पाच गोष्टी उतरवते : व्याख्या काय, कालावधी कोणता (आत्ता, वर्षभरात, की आयुष्यात कधीतरी), माणसं कोण आणि कशी निवडली, किती जणांनी नकार दिला, आणि विश्वासांतर किती. पाचपैकी दोन रकाने रिकामे राहिले तर तो आकडा माझ्या लेखनात येत नाही. तुम्हीही ही सवय आत्तापासून लावून घ्या, मुलाखतीत उपयोगी पडेल आणि नंतरही.

जाता जाता, तुमच्या कानांबद्दल

हे वाचताना तुम्ही कानांकडे लक्ष दिलं असेल आणि तुम्हालाही काहीतरी ऐकू आलं असेल, तर क्नोबेल-सांचेझ आठवा. बहुधा ते तेवढंच आहे. पण आवाज एकाच कानात येत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, चक्कर येत असेल किंवा झोप-अभ्यास बिघडत असेल तर कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. आणि अचानक एका कानाने ऐकू येणं कमी झालं तर थांबू नका, लगेच जा. तिथे दिवसांचा हिशोब असतो. त्रास देणाऱ्या टिनिटसवर आवाज बंद करणारी हमखास गोळी आज नाही, पण त्याचा त्रास कमी करण्यासाठी सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत उपयोगी ठरल्याचे चांगले पुरावे आहेत. आणि लोकलच्या गोंगाटात हेडफोनचा आवाज वाढवत नेण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली प्रौढांसाठीची मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास एवढी आहे.

माझा ‘ईऽऽऽ’ अजून आहे. पंखा चालू असला की कळत नाही, लाइट गेली की भेटतो. आता मी त्याला सातातला एक समजते, पन्नासातला एक नाही. हा फरक कळायला मला ३९ अभ्यासांचा तो आढावा वाचावा लागला, पण झोप लागायला लागली.

पुढच्या लेखात इन्सिडन्स आणि प्रिव्हलन्स यांतला फरक बघू. काही अडलं तर विचारा.